मोंतालचिनो २००८ : ‘शंभर टक्के सांजोवेझे’ तपासायचं कुठे?

इटलीच्या तोस्काना प्रदेशात, सिएना शहराच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, मोंतालचिनो नावाचं डोंगरमाथ्यावरचं छोटं गाव आहे. ब्रुनेल्लो दि मोंतालचिनो ही लाल वाईन फक्त या गावच्या हद्दीतल्या द्राक्षांची आणि फक्त सांजोवेझे या एका जातीची असावी लागते. मार्च २००८ मध्ये बातमी फुटली की सिएनाचं सरकारी वकील कार्यालय आणि ग्वार्दिया दि फिनान्झा हे आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारं पोलीस दल इथल्या काही वाइनरींची चौकशी करत आहेत. संशय असा होता की २००३ च्या हंगामाच्या ब्रुनेल्लोत दुसऱ्या जातींची द्राक्षं मिसळली गेली आहेत. त्या हंगामाच्या बाटल्या जानेवारीपासूनच दुकानांत होत्या आणि वेरोनाचा विनइटली हा मोठा व्यापारी मेळा आठवड्याभरावर आला होता.

प्रकरण पुढे तीन वर्षं चाललं. कोण दोषी आणि कोण नाही याची यादी इथे देत नाही. नियम करणाऱ्यांच्या आणि वाईन करणाऱ्यांच्या कामाचा प्रश्न निराळा आहे. नियम म्हणतो शंभर टक्के. वाईन बाजारात येते पाचव्या वर्षी. मग ते शंभर टक्के तपासायचे कुठे? बाटलीत, बागेत की वहीत?

नियमाचा साचा

इटलीत प्रत्येक संरक्षित वाईनचं एक नियमपत्र असतं. त्याला तिथे ‘दिशिप्लिनारे’ म्हणतात. ब्रुनेल्लोला संरक्षित मूळस्थानाचा पहिला दर्जा १९६६ मध्ये मिळाला. उत्पादकांचा संघ, म्हणजे कोन्सोर्त्सियो, १९६७ मध्ये उभा राहिला. ‘नियंत्रित आणि हमी दिलेलं मूळस्थान’ हा सर्वांत वरचा दर्जा १९८० मध्ये आला, आणि तो मिळवणाऱ्या इटलीतल्या पहिल्या काही वाईनमध्ये ब्रुनेल्लो होती. बारोलोही त्यातच. तिथेही नेब्बिओलो ही एकच जात चालते.

आजचे मुख्य आकडे असे. हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन द्राक्षं. द्राक्षांपासून वाईनचा उतारा जास्तीत जास्त ६८ टक्के. अल्कोहोल किमान १२.५ टक्के. लाकडी पिंपात किमान दोन वर्षं, बाटलीत किमान चार महिने. रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवून विकायच्या प्रकारासाठी, बाटलीतली मुदत सहा महिने. तोडणीच्या वर्षानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी विक्री नाही, रिझेर्वासाठी सहाव्या. बाटल्या भरायच्या त्या उत्पादनक्षेत्रातच. लाकडातली मुदत पूर्वी तीन वर्षांहून अधिक होती, ती टप्प्याटप्प्याने दोनवर आणली. म्हणजे नियमपत्र अगदी दगडावरची रेघ नव्हतं, वेळोवेळी बदललं. जातीचं कलम मात्र कधी हललं नाही.

या आकड्यांचा गुणाकार करून पाहावा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे. एका हेक्टरात ८,००० किलो द्राक्षं, त्याच्या ६८ टक्के म्हणजे ५,४४० लिटर वाईन, म्हणजे पाऊण लिटरच्या साधारण ७,२५० बाटल्या. याहून एकही बाटली जास्त निघाली तर ती ब्रुनेल्लो नाही. हेक्टरी ५,००० वेल धरले तर वेलीमागे १ किलो ६०० ग्रॅम माल येतो. नाशिककडच्या खाण्याच्या द्राक्षबागेत एकरी दहा टन काढणाऱ्याला हा आकडा चेष्टेसारखा वाटेल. पण वाईनच्या द्राक्षाला साल, बी आणि साखर यांचं प्रमाण हवं असतं. मणी फुगवण्याला इथे किंमत नाही. इटालियन कायद्यात हेक्टरी मर्यादा थोडी ओलांडली तर वरचा माल बाजूला काढून खालच्या दर्जात टाकता येतो. फार ओलांडली तर त्या बागेचा सगळाच माल दर्जा गमावतो. त्यामुळे जाणता बागाईतदार उन्हाळ्यात, मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला, घडांची विरळणी करून जादाचे घड जमिनीवर टाकतो.

मोह कुठून आला

सांजोवेझे ही नखरेल जात आहे. साल पातळ, पक्वता उशिरा, आम्ल भरपूर, टॅनिन (साल-बियांतलं तुरट द्रव्य) खरखरीत आणि रंग बेताचा. चांगल्या वर्षी तिच्या वाईनचा रंग माणकासारखा लाल असतो, पण पेल्यातून पलीकडचं दिसतं. काही वर्षांत कडेला विटकरी छटा येते. पावसाळी वर्षी रंग आणखी उतरतो. मेर्लो किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों यांची वाईन याच्या उलट: गडद, जांभळट, जिभेला भरीव. सांजोवेझेत या जातींचा पाच-दहा टक्के हिस्सा घातला तरी रंगाची खोली वाढते, चवीतली मधली पोकळी भरते आणि वाईन लवकर पिण्याजोगी होते. मेर्लो सांजोवेझेच्या दोन-तीन आठवडे आधी पिकते, हेही सोयीचं. सप्टेंबरअखेरच्या पावसाने सांजोवेझेचा घात केला तरी मेर्लो तोपर्यंत टाकीत पोचलेली असते.

आता त्या काळाचा बाजार पाहा. १९९० च्या दशकात गडद, जाड, नव्या ओकचा वास असलेल्या वाईनला समीक्षकांचे गुण आणि अमेरिकेचे डॉलर मिळत होते. मोंतालचिनोतली परंपरा स्लाव्होनियन (क्रोएशियाच्या स्लाव्होनिया भागातल्या) ओकच्या हजारो लिटरच्या जुन्या पिंपांची; त्यांच्या शेजारी २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं येऊन बसली. लागवड वाढली. साठच्या दशकात इथे ब्रुनेल्लोच्या बागा शंभर हेक्टरही नव्हत्या. २००८ पर्यंत त्या दोन हजार हेक्टरच्या आसपास गेल्या. इतक्या वेगाने वाढलेल्या क्षेत्रात प्रत्येक तुकडा सांजोवेझेच्या लायकीचा असणं शक्यच नव्हतं. दक्षिणेला १,७३८ मीटर उंच आमियाता पर्वत आहे. तो वादळं अडवतो आणि दक्षिणेकडचे उतार गरम ठेवतो. उत्तरेकडचे आणि उंचावरचे तुकडे थंड. खाली नदीकाठची चिकणमाती जड आणि ओली. सांजोवेझेला निचऱ्याची, दगडगोट्यांची जमीन लागते. जड मातीत ती पानं वाढवते, मणी पाण्याने भरते आणि रंग देत नाही. तिथे मेर्लो सुखाने वाढते.

त्यात २००२ आणि २००३ ही वर्षं पाठोपाठ आली. २००२ चा उन्हाळा ओला, वाईन पातळ. २००३ मध्ये युरोपभर उष्णतेची लाट. वेली उन्हाने थांबल्या, साखर धावत सुटली आणि टॅनिन कच्चं राहिलं. अशा वर्षी सांजोवेझेला सावरायचं तर बागेत बराच माल टाकून द्यावा लागतो आणि तळघरातलाही काही खालच्या दर्जात उतरवावा लागतो. ते न करता सावरायचं तर दुसरी जात मदतीला लागते.

कायदेशीर वाटा होत्याच

हे लक्षात घेतल्याशिवाय प्रकरण नीट समजत नाही. मोंतालचिनोच्या हद्दीत मेर्लो लावायला कोणाचीही बंदी नव्हती. सांतांतिमो नावाचा संरक्षित दर्जा १९९६ पासून आहे, त्यात कॅबर्ने, मेर्लो, मिश्रण असं सगळं बसतं. त्याच्या खाली ‘तोस्काना’ हा प्रदेशवाचक दर्जा, जिथे हवं ते मिश्रण करता येतं. तोस्कानातल्या कित्येक महागड्या वाईन त्याच नावाने विकल्या जातात. ब्रुनेल्लोच्या बागेतलाच, पण लवकर विकायचा सांजोवेझे १९८३ पासून ‘रोस्सो दि मोंतालचिनो’ म्हणून जातो: हेक्टरी ९ टन, लाकडाची सक्ती नाही, तोडणीच्या पुढच्या वर्षी १ सप्टेंबरपासून विक्री. ब्रुनेल्लो म्हणून पिंपात ठेवलेली वाईन मनासारखी झाली नाही तर मालक ती स्वतःहून रोस्सो किंवा तोस्काना दर्जात उतरवू शकतो. उलट दिशेने, खालून वर, चढता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली ही वाइनरी सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून ‘सेत्ते’ करते, आणि त्यात काही वावगं नाही, कारण लेबल ब्रुनेल्लोचं नाव घेत नाही. शेजारच्या कियांती क्लास्सिकोतही किमान ८० टक्के सांजोवेझे असली की उरलेल्यात इतर लाल जाती चालतात. मोंतालचिनोत मिश्रण केल्याने वाईन वाईट होते असं म्हणणं नव्हतंच. गुन्हा होता तो ते मिश्रण ब्रुनेल्लोच्या नावाने आणि किमतीने विकण्यात. त्यामुळे कलम लागलं ते व्यापारातल्या फसवणुकीचं, इटालियन दंडसंहितेचं ५१५. त्यात कमाल शिक्षा दोन वर्षं कैद किंवा २,०६५ युरो दंड. दंडाचा आकडा पाहिला तर नावाच्या किमतीपुढे कायदा किती किरकोळ होता ते दिसतं. पुढे २००९ च्या एका कायद्याने शेतमालाच्या संरक्षित भौगोलिक नावांच्या बनावटीसाठी ५१७-क्वातेर हे वेगळं कलम आणलं. त्यात दंड २०,००० युरोपर्यंत जातो.

२००८ मध्ये काय घडलं

तपास यंत्रणांनी बागांची पाहणी केली, वह्या ताब्यात घेतल्या आणि तळघरातला माल गोठवला. काही बागा ब्रुनेल्लोच्या नोंदवहीत होत्या, पण त्यांत इतर जातींचे वेल असल्याचा संशय होता. काही ठिकाणी हेक्टरी मर्यादा ओलांडल्याचा. तपासाच्या कक्षेत मोठी नावं आली. त्यांतली काही पुढे निर्दोष ठरली, काहींनी तडजोडीने प्रकरण मिटवलं, काहींनी २००३ चा माल आपणहून तोस्काना दर्जात उतरवून टाकला. हा शेवटचा मार्ग व्यापारी दृष्टीने शहाणपणाचा होता. गोठवलेला माल विकता येत नाही, व्याज मात्र चढत राहतं. उतरवलेला माल निदान विकता तरी येतो.

खरा दणका अमेरिकेतून बसला. ब्रुनेल्लोचा सुमारे पाव हिस्सा तेव्हा तिकडे जात होता. अमेरिकेच्या दारू-तंबाखू कर आणि व्यापार खात्याने जाहीर केलं की २३ जून २००८ पासून ब्रुनेल्लोच्या प्रत्येक खेपेबरोबर ‘ही वाईन नियमाप्रमाणे आहे’ असं इटालियन सरकारचं पत्र लागेल. त्यांचा तर्क सरळ होता. अमेरिकेच्या स्वतःच्या नियमात ७५ टक्के एक जात असली की लेबलवर तिचं नाव चालतं, पण ब्रुनेल्लो हे जातीचं नाव म्हणून विकलं जात नव्हतं; त्या नावाचा अर्थ इटालियन कायद्याने ठरवला होता आणि तो अर्थ खोटा ठरला तर लेबल दिशाभूल करणारं.

इथे यंत्रणेतली फट उघडी पडली. असं पत्र द्यायचं कोणी? तोवर नियमपालनाची देखरेख कोन्सोर्त्सियोच करत होता, म्हणजे ज्या उत्पादकांची तपासणी करायची त्यांचाच संघ. मे २००८ मध्ये कृषिमंत्री झालेल्या लूका झाइया यांनी हमीपत्राचं काम संघाकडून काढून मंत्रालयाच्या गुणवत्ता निरीक्षण यंत्रणेकडे दिलं. जहाजावर चढायला तयार असलेला माल काही आठवडे बंदरातच अडकला. ज्यांच्यावर कसलाही संशय नव्हता अशा पाच-सात हेक्टरच्या कुटुंबांनाही प्रत्येक खेपेसाठी नमुने, विश्लेषण आणि वाट पाहणं आलं.

प्रयोगशाळेत काय दिसतं, काय दिसत नाही

पहिली कल्पना प्रत्येकाला सुचते ती जनुकीय चाचणीची. पानाचा किंवा काडीचा तुकडा दिला तर जनुकीय चाचणी जात अचूक सांगते. वाईनचं तसं नाही. किण्वनात यीस्ट आणि जिवाणूंची प्रचंड जनुकीय सामग्री मिसळते, द्राक्षाच्या डीएनएचे धागे तुटतात, गाळ काढताना आणि गाळणीतून जाताना उरलेलेही निघून जातात. दोन-तीन वर्षं पिंपात मुरलेल्या वाईनमधून जे हाती लागतं त्यावर न्यायालयात टिकेल असा प्रमाणाचा आकडा, म्हणजे ‘यात सात टक्के मेर्लो आहे’ असं विधान, काढता येत नाही.

उपयोगी पडतो तो रंगद्रव्यांचा ठसा. लाल द्राक्षाच्या सालीत मुख्यतः पाच अँथोसायनिन, म्हणजे रंगद्रव्यं, असतात: डेल्फिनिडिन, सायनिडिन, पेट्युनिडिन, पिओनिडिन आणि माल्व्हिडिन यांचे ग्लुकोसाइड (ग्लुकोज जोडलेली रूपं). बहुतेक जातींत या ग्लुकोसाइडांना अॅसिटिक किंवा कुमॅरिक आम्लाचा गट जोडलेली रूपंही असतात. मेर्लो आणि कॅबर्नेत ही जोडलेली रूपं एकूण रंगाचा मोठा भाग असतात. सांजोवेझेत ती जवळपास नसतातच, आणि सायनिडिनचा वाटा लक्षणीय असतो. इटलीतल्या सान मिकेले आल्लादिजे इथल्या कृषी संस्थेने सांजोवेझेच्या या ठशावर पुढे तपशीलवार संशोधन प्रसिद्ध केलं.

चाचणीची पद्धत नवी नाही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेच्या प्रमाणित पद्धतीत उच्चदाब द्रव-क्रोमॅटोग्राफीने नऊ अँथोसायनिन वेगळे करून ५१८ नॅनोमीटरवर मोजतात. कोवळ्या वाईनमध्ये जोडलेल्या रूपांचं शिखर ठळक दिसलं तर प्रश्न मिटला: ही केवळ सांजोवेझे नाही.

अडचण वेळेची आहे. सुटे अँथोसायनिन टिकत नाहीत. टॅनिनशी जोडले जाऊन मोठे, वेगळे रेणू बनतात, काही ऑक्सिजनने मोडतात, काही गाळाबरोबर तळाशी बसतात. पहिल्या वर्षातच त्यांचं प्रमाण झपाट्याने उतरतं. चौथ्या-पाचव्या वर्षी जे उरतं ते इतकं थोडं असतं की त्यातली गुणोत्तरं काढणं म्हणजे उपकरणाच्या त्रुटीशी झोंबणं. नियमाने ब्रुनेल्लोला विक्रीआधी इतकी वर्षं थांबवलं आणि त्याच वर्षांनी जातीचा पुरावा पुसत नेला. २००८ मध्ये हाती असलेली वाईन २००३ ची होती, म्हणजे ही चाचणी दुबळी पडण्याच्या अगदी टोकाशी.

आणखी दोन मर्यादा. एक, प्रमाण. दोन-तीन टक्के मिश्रणाने ठसा इतका थोडा हलतो की वर्ष, क्लोन (एकाच जातीचा निवडलेला वाण) आणि साली किती दिवस रसात ठेवल्या यांमुळे होणाऱ्या नैसर्गिक फरकात तो लपून जातो. दोन, जातीची निवड. पिनो न्वार या जातीत जोडलेली रूपं नसतातच. तिची भर या चाचणीत मेर्लोसारखी ओरडून सांगत नाही. पिनोने रंग वाढत नाही म्हणून तशी भर घालायचं कारण कमी, पण चाचणी आंधळी आहे हे माहीत असलेलं बरं.

म्हणून बाटलीची चाचणी हा संशयाचा आधार होऊ शकतो, एकटा पुरावा क्वचितच. तोडणीनंतर सहा महिन्यांत टाकीतून घेतलेला नमुना मोहरबंद करून ठेवला तर मात्र त्याची किंमत फार मोठी. आमच्या मते २००८ मधून घेण्याजोगी सगळ्यात कामाची तांत्रिक गोष्ट हीच आहे, आणि तिला खर्चही फारसा नाही.

बाग आणि वही

बागेत फसवणूक लपवणं कठीण. वेल जागचा हलत नाही आणि पंचवीस-तीस वर्षं उभा असतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बागेतून फिरलं तर मेर्लोचे घड पूर्ण काळे-निळे आणि सांजोवेझेचे अजून पक्वतेच्या मार्गावर, हे ओळीच्या टोकावरून कळतं. पानांच्या खाचा, घडाचा आकार, शरद ऋतूत पानांना चढणारा रंग यांतूनही फरक दिसतो. शंका आली तर वेलीच्या काडीची जनुकीय चाचणी, आणि इथे ती अचूक असते. तपासनीस बागेत जातो कधी हाच काय तो मुद्दा. जानेवारीत, छाटणी झालेल्या उघड्या खोडांमध्ये फिरून त्याला फारसं काही दिसणार नाही.

पण बाग शुद्ध असली तरी टँकर बाहेरून येऊ शकतो. तिथे वही लागते. समजा, दहा हेक्टरची एक वाइनरी आहे. तोडणीच्या जाहीरनाम्यात तिने ८० टन लिहिले. जास्तीत जास्त ५४,४०० लिटर ब्रुनेल्लो. लाकडातून दरवर्षी दोन ते पाच टक्के वाईन बाष्पीभवनाने जाते, लहान नव्या पिंपांतून जास्त. गाळावरून वाईन काढताना आणखी घट. पिंप रिकामं राहिलं तर हवा लागून वाईन आंबट होते, म्हणून ते सतत त्याच वाईनने भरून ठेवावं लागतं; ती भर कुठून आली याचीही नोंद हवी. दोन वर्षांनी या वाइनरीने ५१,००० लिटर बाटलीत भरले तर हिशोब पटतो. ५४,४०० च्या ५४,४०० भरले तर पहिला प्रश्न हा की उडून गेलेल्या वाईनची जागा कशाने घेतली. हिशोबाचा ताळा चुकतो तेव्हा तो बहुधा असा चुकतो, जास्त काटेकोर जुळण्याने.

दुसरी खूण त्याच वाइनरीच्या शेजारच्या टाकीत मिळते. तिच्याकडे मेर्लोच्या दोन हेक्टर बागा आहेत, पण मेर्लोची विक्री वहीत जवळपास नाही. मग ती गेली कुठे? एका दर्जाची वही वेगळी काढून तपासली तर हे कधीच सापडत नाही. वाइनरीतला सगळा माल, सगळ्या दर्जांसह, एकाच ताळेबंदात मांडावा लागतो.

मतदान

प्रकरण चालू असतानाच नियमच बदलावा असा आग्रह सुरू झाला. बाजू दोन होत्या आणि दोन्हींकडे दम होता. बदल हवा असणाऱ्यांचं म्हणणं: लागवड इतकी पसरली आहे की सगळीकडे शुद्ध सांजोवेझे परवडणार नाही, वाईट वर्षी थोडी मोकळीक हवी, आणि युरोपीय कायद्यात जातीचं नाव लिहायलाही ८५ टक्के पुरतात. आधी एका मोठ्या वाइनरीची धुरा वाहिलेले एत्सियो रिवेल्ला हे या बाजूचे ठळक प्रवक्ते. २०१० मध्ये ते कोन्सोर्त्सियोचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या बाजूला फ्रांको ब्योंदी सांती. त्यांच्याच घराण्यात एकोणिसाव्या शतकात ही वाईन घडली. १८८८ च्या हंगामाच्या बाटल्या त्यांच्या तळघरात होत्या. त्यांचा मुद्दा असा की जिथे सांजोवेझे नीट येत नाही तिथे ब्रुनेल्लो करूच नये, त्या जमिनीला इतर दर्जे आहेत.

२७ ऑक्टोबर २००८ रोजी कोन्सोर्त्सियोच्या सभेत ९६ टक्के मतांनी ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेझेच ठेवायचं ठरलं. हा आकडा पाहून भारावून जाऊ नये. सरकारी वकील तळघरात असताना आणि अमेरिका पत्र मागत असताना नियम सैल करायला मत देणं म्हणजे ‘आम्ही मिसळतच होतो’ अशी कबुली ठरली असती. खरी कसोटी ७ सप्टेंबर २०११ ला लागली. तेव्हा धुरळा बसला होता आणि प्रश्न धाकट्या रोस्सोचा होता: त्यात १५ टक्क्यांपर्यंत इतर जाती चालू द्याव्यात का? अशा संघांत मतं डोकी मोजून धरली जात नाहीत, उत्पादनानुसार त्यांचं वजन ठरतं, म्हणजे मोठ्या वाइनरींचा हात वर. तरीही ६९ टक्के मतं विरोधात पडली.

त्यामागे व्यापारी हिशोबही होता. पाच वर्षं भांडवल अडकवून ठेवणाऱ्या छोट्या उत्पादकाला रोस्सोच्या विक्रीतून रोख पैसा मिळतो. तो मिश्र झाला तर शेजारच्या दहा भागांतल्या वाईनशी त्याची किमतीवर स्पर्धा लागते, आणि ती स्पर्धा मोठ्या बाटलीभरणीवाल्यांना झेपते. शिवाय रोस्सोसाठी मेर्लोच्या बागा अधिकृत झाल्या की त्या ब्रुनेल्लोच्या पिंपांच्या शेजारी कायमच्या उभ्या राहणार, आणि तपासनिसाचं काम दुप्पट होणार.

नंतरची व्यवस्था आणि तिची नवी फट

२००९ पासून युरोपीय संघाच्या नव्या वाईन नियमांमुळे संरक्षित वाईनची तपासणी उत्पादक संघापासून वेगळ्या, अधिकृत संस्थेकडे गेली. कोन्सोर्त्सियोकडे नावाचं संरक्षण आणि प्रसार उरला. साखळी आता साधारण अशी चालते: बागेचा तुकडा नोंदवहीत, तोडणीचा जाहीरनामा, तळघरातली प्रत्येक हालचाल नोंदीत, बाटलीत भरण्याच्या टप्प्यावर रासायनिक विश्लेषण आणि चव पाहणाऱ्या समितीचा कौल, मग मंजूर लिटरांइतक्याच क्रमांकित सरकारी पट्ट्या. या पट्ट्या इटलीची सरकारी टांकसाळ छापते. बाटलीच्या बुचाजवळची ती कागदी पट्टी नसेल तर आतली वाईन कितीही चांगली असो, ती ब्रुनेल्लो म्हणून विकता येत नाही. २०१७ पासून तळघराच्या वह्या सक्तीने केंद्रीय संगणकीय नोंदवहीत ठेवाव्या लागतात, त्यामुळे मागच्या तारखेची नोंद घुसवणं अवघड झालं.

तरी सप्टेंबर २०१४ मध्ये सिएनाच्या ग्वार्दिया दि फिनान्झाने सुमारे १,६५,००० लिटर वाईन जप्त केली, म्हणजे अंदाजे २,२०,००० बाटल्यांचा माल. या वेळी आरोप निराळा होता. वाइनरींना सल्ला देणाऱ्या एकाने कागदपत्रांत फेरफार करून स्वस्त वाईन वरच्या दर्जाची म्हणून उभी केल्याचा संशय होता. या वेळी कोन्सोर्त्सियोनेच तक्रार केली होती. २००८ मध्ये हल्ला जातीच्या कलमावर होता, इथे थेट वहीवर. पट्ट्यांची संख्या वहीतल्या लिटरांवरून ठरते. वहीत लिटर खोटे शिरले की पट्ट्या खऱ्या मिळतात आणि आतली वाईन वेगळी असते. टांकसाळीची छपाई, क्रमांक, पाणचिन्हं यांचा तिथे काही उपयोग नाही.

ही फट बुजवायची तर तोडणीच्या दिवशी ट्रॉलीतली द्राक्षं वजनकाट्यावर असताना बाहेरच्या माणसाची नोंद हवी, कारण त्यानंतरचा प्रत्येक आकडा त्या वजनावरून निघतो. मोंतालचिनोत शेकडो उत्पादक आहेत आणि बहुतेकांची तोडणी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच्या त्याच दोन-तीन आठवड्यांत उरकते. इतक्या वजनकाट्यांवर एकाच वेळी तपासनीस उभे करणं कोणत्याच संस्थेला जमत नाही. म्हणून नमुन्यादाखल काही निवडक वाइनरींवरच भेट होते, आणि बाकीच्यांच्या तोडणीचा आकडा आजही त्यांनी स्वतः लिहिलेलाच असतो.